नमुना

ताळगावच्या पठारावर, मार्चमध्ये, दुपारी अडीचचा तास.
खोली एकशे चौदा. पंखा एकच,
आणि तोही माझ्या डोक्यावर.
मी फळ्यावर लिहिते : यादृच्छिक नमुना.
त्रेचाळीस वह्या तो शब्द उतरवून घेतात,
जशी घरमालकाची सूचना उतरवून घ्यावी.

बारा वर्षं असंच शिकवलं.
व्याख्या, सूत्र, सोडवलेलं उदाहरण,
"कळलं?"
पहिल्या बाकावरची उर्सुला मान हलवायची
आणि मी पान उलटायचे.
टिपणांच्या कडा पिवळ्या पडल्या.
विनोदही दरवर्षी त्याच ओळीला यायचा,
समासात खूण करून ठेवला होता.

शेवटच्या बाकावर शांभा वेळीप.
केप्याच्या पलीकडून दोन बस बदलून यायचा,
हजेरीला "प्रेझेंट" म्हणायचा,
मग दिवसभराचे शब्द संपल्यासारखा बसायचा.
स्टाफरूममध्ये त्याचा विषय निघाला की
कुणीतरी चहात बिस्किट बुडवत म्हणायचं,
"काय नमुना आहे!"
मीही हसले होते. एकदा. नाही, दोनदा.

त्या दिवशी टिपणं घरी राहिली म्हणून विचारलं :
समोर भरलेलं पोतं आहे,
सगळं मोजायला वेळ नाही,
माल कसा आहे हे कसं ठरवाल?
आणि गप्प राहिले.
गप्प राहणं मला जमत नाही, मनात अंक मोजत होते.
पाचला एक बाक करकरला.
नवाला उर्सुलाने पेनचं टोपण काढून परत लावलं.
चौदाला मागून आवाज आला,

"मॅडम, काजू असतील तर सकयल हात घालायचा.
वर चांगल्याच बिया असतात.
आम्हीच ठेवतो."

वर्ग हसला. तो हसला नाही.
उठून पुढे आला आणि नुसत्या हातांनी दाखवलं
व्यापारी बाही कोपरापर्यंत सारून पोत्यात कसा शिरतो,
एक मूठ तळाची, एक कडेची, एक मधली,
बी कानाशी हलवतो, पोकळ वाजते का ते ऐकतो,
आणि तेव्हा त्याचे बाबा
खिशात नसलेली विडी कशी शोधत राहतात.

सोमवारी त्याने अर्धं पोतं आणलं.
कंडक्टरने पोत्याचंही तिकीट फाडलं होतं, ते त्याने मला दिलं,
जणू मी बिल मागणार होते.
वरून काढलेल्या शंभरात चार पोकळ.
तळाच्या शंभरात एकोणीस.
मग कुणीतरी म्हणालं, "मॅडम, याला काही सूत्र आहे?"
बारा वर्षांत प्रथमच कुणी सूत्र मागितलं होतं.
मी इतकी हरखले की उत्साहात
एक बी दातांनी फोडायला गेले.
"मॅडम, चीक!" अख्खा वर्ग ओरडला,
उर्सुलासकट, एका सुरात.
तोवर ओठ भाजला होता.
आठवडाभर साल निघत होती
आणि आठवडाभर कुणी तास बुडवला नाही,
ओठ बघायला का होईना.

एप्रिलमध्ये अभिप्रायाचे कागद आले.
"उत्तम", "अतिउत्तम", एकाने माझा ओठ काढला होता.
मोजले. एकोणचाळीस.
यादीत त्रेचाळीस.
ग्लेंडा कुलासो ऑगस्टपर्यंत भिंतीकडे बसायची,
मग बसली नाही.
कुणी म्हणतं जहाजावर लागली, कुणी म्हणतं बाणावलीच्या हॉटेलात.
तिला काय कळत नव्हतं, किंवा काय कळलं होतं,
ते या गठ्ठ्यात नाही.
बाकी तिघांचे तर मला चेहरेही आठवेनात.
मी इतकी वर्षं उर्सुलाची मान मोजत होते.

एकशे चौदाला मागेही एक दार आहे.
कपाट लावून झाकलेलं.
जूनमध्ये शिपाई इनासकडे त्याची किल्ली मागितली.
"तिथून कोण येणार?" त्याने विचारलं.
म्हटलं, मी.
त्याने कपाट सरकवलं, कुलपात खोबरेल सोडलं,
किल्ली फिरवून पाहिली.
म्हणाला, दोन दिवस लागतील, मॅडम,
गंज जुना आहे.